सफरचंदाच्या ट्रेमध्ये पणती: पार्सलचं सामान ठाण्यात कसं जमवायचं

मी नौपाड्यात राहते. घरूनच मातीच्या पणत्या, कुल्हड आणि छोट्या कुंड्या ऑनलाइन विकते. सहा पणत्यांच्या सेटमागे हातात ४५-५० रुपये उरतात. नवा खोका आणि बबल रॅप विकत घेतला, तर त्यातले निम्मे तिथेच जातात. म्हणून चार वर्षांपासून मी टेप सोडून फारसं काही विकत घेत नाही.

सगळ्यात मोठा आधार फळवाल्याचा. सफरचंदाच्या पेटीत कागदाच्या लगद्याचे, खळगे असलेले ट्रे येतात. एका खळग्यात एक पणती नेमकी बसते. वर चुरगळलेला कागद, त्यावर दुसरा ट्रे, की झालं. काश्मीर-हिमाचलचं सफरचंद ऑगस्टपासून बाजारात यायला लागतं, म्हणजे दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होतात त्याच सुमाराला ट्रेचे ढीग पडलेले असतात. पेअर आणि पपईवर चढवलेल्या फोमच्या पांढऱ्या जाळ्याही मागून घ्या. कुल्हडावर मोज्यासारख्या चढतात. मी रात्री दुकान आवरायच्या वेळी जाते. दिवसा गिऱ्हाइकांच्या गर्दीत मागितलं की कुणीही वैतागेल. "दादा, ट्रे फेकू नका, उद्या नेते," एवढं आदल्या दिवशी सांगून ठेवते, आणि फळंही त्याच्याकडूनच घेते.

खोके मेडिकलच्या दुकानातून. औषधांचे खोके लहान, कडक आणि कोरडे असतात. किराणा दुकानातला मोठा खोका फुकट दिसतो, पण कुरिअरला महाग पडतो. बहुतेक खासगी कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त निघालं तर पैसे त्याचेच घेतात. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ३० सेंटिमीटर असलेला खोका म्हणजे ५.४ किलो, आत माल एक किलोचा का असेना. तेच २० बाय २० बाय १५ चा खोका १.२ किलोत बसतो. घरात मोजपट्टी ठेवा आणि खोका मोजूनच आणा.

जांभळी नाक्याच्या बाजारातले मोठे खोके मी भरावासाठी आणते. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापायच्या, त्यांना विटांच्या जोडणीसारख्या आडव्या चिरा द्यायच्या आणि ओढायचं. जाळी तयार होते, कुंडीभोवती गुंडाळता येते. कटर धारदार हवा, नाहीतर पुठ्ठा फाटतो. वागळे इस्टेटमध्ये खोके बनवणारे छोटे कारखाने आहेत. तिथे एकदा छपाई चुकलेला माल मला स्वस्तात मिळाला होता. विचारून बघायला हरकत नाही.

सोसायटीतला पुठ्ठा मात्र परस्पर उचलू नका. आमच्याकडे सुका कचरा नेणाऱ्या मावशी तो विकतात, ती त्यांची कमाई आहे. मी त्यांना रद्दीवाल्यापेक्षा किलोमागे दोन रुपये जास्त देते. आता त्या चांगले खोके न चुरगाळता माझ्यासाठी बाजूला ठेवतात.

आणलेला खोका लगेच घरात घेऊ नका. कोपरा अंगठ्याने दाबा, मऊ लागला तर तो भरावात टाका. कडेच्या नळ्यांमध्ये झुरळाची अंडी आहेत का बघा. नाक लावून वास घ्या, मसाल्याचा किंवा साबणाचा वास मातीच्या भांड्यात मुरतो. जून ते सप्टेंबर ठाण्याच्या हवेत पुठ्ठा दमट होऊन बसतो, त्याची ताकदच जाते. त्या महिन्यांत माझे खोके जमिनीवर नसतात, माळ्यावर प्लास्टिकच्या शीटखाली असतात.

जुना पत्ता आणि बारकोड पूर्ण काढा. अर्धवट राहिलेला बारकोड मशीनने वाचला तर पार्सल भलतीकडे जाऊ शकतं, शिवाय कुणाचा तरी फोन नंबर आपल्याकडून पुढे जातो. खोक्यावर औषधाची किंवा दारूची छपाई असेल तर चिकटवलेली शिवण हळूच सोडवा, खोका उलटा करा आणि कोरी बाजू बाहेर ठेवून पुन्हा चिकटवा.

पहिल्या वर्षी नाशिकला पाठवलेल्या १२ कुल्हडांपैकी ७ फुटले. खोक्यावर ओरखडाही नव्हता. मी वर्तमानपत्राच्या सपाट घड्या घातल्या होत्या आणि कुल्हड एकमेकांना टेकले होते, ते आपसात आपटून फुटले. तेव्हापासून कागद चुरगळूनच घालते. प्रत्येक वस्तू वेगळी गुंडाळते आणि चारही बाजूंना, तळाला, वर दोन-दोन इंच भराव ठेवते. पांढऱ्या रंगकामावर शाई उतरते, म्हणून तिथे मुलांच्या जुन्या वह्यांची कोरी पानं. खोका बंद करून कानाजवळ हलवायचा. काहीही खुळखुळलं की पुन्हा उघडायचा.

पैसे वाचवू नयेत ते टेपवर. दोन इंची ब्राऊन टेप चांगल्या प्रतीची घ्या. मधल्या फटीवर एक पट्टी आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक, वर आणि तळाला सारखंच. नव्या पद्धतीने भरलेला पहिला खोका मी कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाकून बघते, आत तडा गेलेल्या पणत्या घालून.

आणि दर पार्सलमध्ये एक चिठ्ठी जाते: हा ट्रे टाकू नका, दिवाळी झाली की पणत्या पुसून यातच ठेवा.