कॉलेज फुटबॉलचा हंगाम सुरू होण्याआधी फॅन्टसी संघासाठी खेळाडू कसे जोखावेत

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि फॅन्टसी लीगचे ड्राफ्ट (पाळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या फेऱ्या) बहुधा त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत उरकले जातात. म्हणजे एकही सामना झालेला नसताना, गेल्या वर्षीचे निम्मे खेळाडू निघून गेलेले असताना आणि नव्यांनी अद्याप चेंडूला हातही लावलेला नसताना कोण किती गुण मिळवील याचा अंदाज बांधायचा असतो. अव्वल स्तरावर 130 हून अधिक संघ असल्याने सगळ्यांकडे लक्ष ठेवणे एकट्यादुकट्याचे काम नाही. म्हणून बऱ्याच लीग एकाच कॉन्फरन्सपुरत्या (आपसांत खेळणाऱ्या संघांच्या गटापुरत्या) मर्यादित ठेवल्या जातात आणि नवख्या माणसाने तिथूनच सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते. या लेखात बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सचे 2024 चे वर्ष उदाहरणादाखल घेतले आहे. निकाल हाती असल्याने ऑगस्टमध्ये काय दिसू शकत होते आणि काय नाही, हे त्यावरून पडताळता येते. नावात बारा असले, तरी त्या वर्षापासून या कॉन्फरन्समध्ये 16 संघ आहेत.

भारतात फॅन्टसी क्रिकेट खेळलेल्यांनी एक फरक आधीच लक्षात घ्यावा. तिथे प्रत्येक सामन्यासाठी नवा संघ बांधता येतो आणि एकच फलंदाज हजारो जणांच्या संघात असू शकतो. इथे ड्राफ्टमध्ये एकाने उचललेला खेळाडू त्या लीगमध्ये दुसऱ्याला मिळत नाही आणि तो हंगामभर त्याच्याच पदरी राहतो. त्यामुळे ‘चांगला खेळाडू कोण’ एवढे विचारून भागत नाही. तो कितव्या फेरीत घेणे परवडेल, हेही ठरवावे लागते.

पहिली पायरी : लीगचे गुणांकन वाचावे

फॅन्टसी लीग चालवणाऱ्या फॅन्ट्रॅक्ससारख्या संकेतस्थळावर प्रत्येक लीग आपले नियम ठरवू शकते, त्यामुळे इतरांच्या तयार याद्या जशाच्या तशा उचलू नयेत. सर्वसाधारण पद्धतीत धावून किंवा झेल घेऊन मिळवलेल्या दर 10 यार्डांना 1 गुण, अशा टचडाउनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोल रेषेपलीकडे नेण्याला) 6 गुण, पासच्या दर 25 यार्डांना 1 गुण आणि पासवरच्या टचडाउनला 4 गुण मिळतात. अनेक लीग प्रत्येक झेलाचाही 1 गुण देतात. या आकड्यांतून पहिली महत्त्वाची गोष्ट निघते, ती म्हणजे पळणाऱ्या क्वार्टरबॅकची (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूची) किंमत. कॅन्सस स्टेटच्या एव्हरी जॉन्सनने 2024 मध्ये 600 हून अधिक यार्ड धावून मिळवले. त्याचे 60 गुण होतात आणि तेवढेच गुण नुसत्या पासमधून काढायचे तर 1,500 यार्ड फेकावे लागतात.

इथे कॉलेजच्या आकडेवारीतला एक खाचखळगा आहे, आणि एनएफएलची (तिथल्या व्यावसायिक लीगची) सवय असलेले लोक त्यात हमखास अडखळतात. कॉलेजमध्ये क्वार्टरबॅकला चेंडूसकट मागेच पाडले, की गमावलेले यार्ड त्याच्या धावण्याच्या खात्यातून वजा होतात. कोलोरॅडोच्या शेडूर सँडर्सची धावण्याची बेरीज 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षी शून्याच्या खाली होती, ती याच कारणाने. त्यामुळे पास फेकण्यात निष्णात असलेला, पण कच्च्या ऑफेन्सिव्ह लाइनमागे (त्याला वाचवणाऱ्या फळीमागे) उभा राहणारा क्वार्टरबॅक दर आठवड्याला एक-दोन गुण गमावत असतो. अंदाज बांधताना हा तोटा आधीच धरून ठेवावा.

दुसरी पायरी : कोण गेले आणि त्यांचे काम कोणाकडे आले

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्यावा, असे माझे मत आहे. कॉलेजचा खेळाडू काही वर्षांतच बाहेर पडतो, शिवाय ट्रान्सफर पोर्टलमुळे तो मध्येच संघ बदलू शकतो. कागद घ्यावा (किंवा स्प्रेडशीट उघडावी) आणि प्रत्येक संघापुढे गेल्या वर्षी कोणत्या रनिंग बॅकने किती वेळा चेंडू घेऊन धाव घेतली, कोणत्या रिसीव्हरने किती झेल घेतले आणि त्यांपैकी कोण आता संघात नाही, हे लिहावे. गेलेल्यांच्या धावा आणि झेल यांची बेरीज म्हणजे त्या संघातली रिकामी झालेली जागा. ती कोण भरून काढणार, याचा शोध घेणे हेच हंगामपूर्व अंदाजाचे खरे काम आहे.

जॉन्सनचेच पाहा. 2023 च्या हंगामानंतर कॅन्सस स्टेटचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड ओहायो स्टेटला गेला आणि जागा जॉन्सनला मिळाली. कोलोरॅडोत मुख्य रिसीव्हर झेव्हियर वीव्हर गेला आणि ट्रॅव्हिस हंटर राहिला. हंटरच्या 2023 च्या आकड्यांत आणखी एक धडा आहे. दुखापतीमुळे तो 9 सामनेच खेळला होता आणि 57 झेलांत त्याने 721 यार्ड मिळवले होते. नुसती बेरीज पाहणाऱ्याला तो मधल्या फळीतला वाटला असता. सामन्यागणिक हिशेब केला, तर सहाहून अधिक झेल आणि 80 यार्ड पडतात, म्हणजे 12 सामन्यांत सुमारे 76 झेल आणि 960 यार्ड. त्यात वीव्हरच्या वाटणीचे काही झेल मिळवले, की हजाराचा आकडा सहज पार होतो. प्रत्यक्षात त्याने 2024 मध्ये 96 झेल, 1,258 यार्ड आणि 15 टचडाउन केले आणि कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी जिंकली. (तो बचावातही खेळत असे, पण बहुतेक फॅन्टसी लीगमध्ये त्याचे गुण मिळत नाहीत. उलट त्या दमछाकीची काळजीच करावी लागते.)

तिसरी पायरी : टचडाउन नव्हे, संधी मोजाव्यात

गेल्या वर्षीच्या टचडाउनवरून भाव ठरवणे ही सर्रास दिसणारी पद्धत आहे आणि ती बहुधा दगा देते. टेक्सास टेकचा रनिंग बॅक टाज ब्रूक्स याने 2023 मध्ये 290 वेळा चेंडू घेऊन 1,538 यार्ड आणि 10 टचडाउन केले. पुढच्या वर्षी 286 वेळा चेंडू घेऊन 1,505 यार्ड केले, म्हणजे जवळजवळ तेवढेच, पण टचडाउन मात्र 17 झाले. काम तेच, यार्ड तेच आणि टचडाउनच्या फरकाने 42 गुण जास्त. टचडाउन हे गोल रेषेजवळ कोणाला चेंडू मिळतो, संघ तिथवर किती वेळा पोहोचतो आणि थोडे नशीब यांवर ठरतात, म्हणून ते वर्षागणिक वरखाली होतात. एखाद्या खेळाडूला दर सामन्यात 20 हून अधिक वेळा चेंडू मिळतो, ही गोष्ट त्या मानाने टिकाऊ असते.

याची दुसरी बाजू ओक्लाहोमा स्टेटच्या ऑली गॉर्डनने दाखवून दिली. 2023 मध्ये 1,732 यार्ड, 21 टचडाउन आणि देशातल्या सर्वोत्तम रनिंग बॅकसाठीचा डोक वॉकर पुरस्कार मिळवल्यावर पुढच्या ऑगस्टमध्ये त्याचा भाव अगदी वर गेला. 2024 मध्ये चेंडू घेऊन धावण्याच्या त्याच्या खेपा 285 वरून 190 वर आल्या आणि यार्ड 880 राहिले. संघाने 12 पैकी 3 सामने जिंकले आणि कॉन्फरन्समधले नऊच्या नऊ गमावले. संघ सतत मागे पडला, की उरलेला वेळ भरून काढण्यासाठी पास फेकले जातात आणि रनिंग बॅकचे काम कमी होते. एवढी घसरण कोणालाही आधी सांगता आली नसती, हे खरे. पण एका असामान्य वर्षाची पुनरावृत्ती होणारच असे धरून पूर्ण किंमत मोजू नये, एवढे नक्कीच ठरवता आले असते. आपल्या अंदाजात अशा खेळाडूच्या टचडाउनला कात्री लावावी आणि त्यानंतरही तो पहिल्या फेरीत बसत असेल, तरच घ्यावा.

रिसीव्हरच्या बाबतीत सगळ्या हंगामाची बेरीज आणखी फसवी असते. अ‍ॅरिझोनाच्या टेटैरोआ मॅकमिलनने 2024 मध्ये 1,319 यार्ड आणि 8 टचडाउन केले. ऐकायला उत्तम वाटते, पण त्यातले 304 यार्ड आणि 4 टचडाउन न्यू मेक्सिकोविरुद्धच्या सलामीच्या एकाच सामन्यातले होते. त्या आठवड्यात तुम्ही कोणालाही हरवले असते. उरलेल्या हंगामात मात्र तो टचडाउनच्या हिशेबात साधारणच राहिला. म्हणून गेल्या वर्षीचे आकडे सामनावार काढावेत, सर्वांत मोठा सामना बाजूला ठेवावा आणि मगच सरासरी पाहावी.

चौथी पायरी : संघाच्या क्रमवारीला भुलू नये

2024 च्या हंगामाआधी पत्रकारांनी बिग ट्वेल्व्हमध्ये युटाला पहिले आणि अ‍ॅरिझोना स्टेटला सोळावे, म्हणजे शेवटचे स्थान दिले होते. युटाने 5 सामने जिंकले आणि 7 गमावले. अ‍ॅरिझोना स्टेटने अंतिम सामन्यात आयोवा स्टेटला 45-19 असे हरवून विजेतेपद मिळवले. त्या संघाचा रनिंग बॅक कॅम स्कॅटेबो याने 1,711 यार्ड धावून, 605 यार्ड झेल घेऊन, एकूण 24 टचडाउन केले. झेलाला गुण देणाऱ्या लीगच्या हिशेबाने प्ले-ऑफ धरून हे 420 गुण होतात. नाव मोठे आणि लक्षण खोटे, ही गत युटाच्या बाबतीत झाली.

आता प्रामाणिक प्रश्न असा, की स्कॅटेबो ऑगस्टमध्ये दिसू शकत होता का? एवढा मोठा नाही, पण चांगला नक्कीच दिसत होता. 2023 मध्ये वाईट संघात खेळूनही त्याने 783 यार्ड धावून मिळवले होते आणि वर 24 झेल घेतले होते. गरज पडली तेव्हा त्याने पास फेकले होते आणि पंटही मारले होते (म्हणजे चेंडू लाथेने दूर धाडला होता). ज्या खेळाडूला प्रशिक्षक कुठल्याही कामाला लावतात, त्याच्या हातात चेंडू राहणार हे उघड असते. शिवाय क्वार्टरबॅकच्या जागी सॅम लेविट हा नवखा मुलगा येणार होता, आणि नवख्या क्वार्टरबॅकच्या संघात रनिंग बॅकवर भार टाकला जाण्याची शक्यता अधिक असते. संघ शेवटच्या क्रमांकावर धरला गेल्यामुळे हा खेळाडू स्वस्त मिळणे साहजिक होते. कमी लेखलेल्या संघातला सर्वाधिक काम असलेला खेळाडू शोधणे, ही मला या सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत फायदेशीर जागा वाटते.

पाचवी पायरी : प्रशिक्षक, वेग आणि दुखापती

मुख्य प्रशिक्षक किंवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाची आखणी करणारा प्रशिक्षक) बदलला असेल, तर गेल्या वर्षीचे आकडे अर्ध्या विश्वासाने वाचावेत. मुख्य प्रशिक्षक जेड फिश 2024 च्या जानेवारीत अ‍ॅरिझोना सोडून वॉशिंग्टनला गेले. क्वार्टरबॅक नोआ फिफिटा आणि मॅकमिलन दोघेही संघात राहिले, तरीही 10 विजयांचा संघ 4 विजयांवर आला. नव्या प्रशिक्षकाने आधीच्या संघात धाव आणि पास यांची वाटणी कशी ठेवली होती आणि खेळ किती वेगाने चालवला होता, हे पाहावे. 2023 पासून फर्स्ट डाउननंतर (10 यार्डांची मजल पूर्ण झाल्यावर) घड्याळ थांबत नाही, अपवाद फक्त प्रत्येक अर्धातल्या शेवटच्या दोन मिनिटांचा. त्यामुळे एकूण प्ले (चेंडू खेळण्याचे प्रयत्न) कमी झाले आहेत आणि त्याआधीच्या वर्षांचे आकडे आता जसेच्या तसे लावता येत नाहीत.

दुखापतीच्या बाबतीत ताकही फुंकून प्यावे. युटाचा क्वार्टरबॅक कॅम रायझिंग गुडघ्याच्या दुखापतीमुळे 2023 चा अख्खा हंगाम बाहेर होता. 2024 मध्ये तो परतला, दुसऱ्याच सामन्यात हाताला लागले आणि त्याचा हंगाम तीन सामन्यांत आटोपला. असा खेळाडू घ्यायचाच असेल, तर त्याच्या मागचा राखीव खेळाडूही शेवटच्या फेरीत उचलून ठेवावा.

सहावी पायरी : वेळापत्रक आणि ड्राफ्टचा दिवस

बिग ट्वेल्व्हचा प्रत्येक संघ 12 सामने खेळतो, त्यांपैकी 9 कॉन्फरन्समधले असतात. 2024 मध्ये 14 शनिवारांत हे 12 सामने बसवल्याने प्रत्येक संघाला दोन आठवडे सुटी होती. आपले दोन्ही क्वार्टरबॅक एकाच आठवड्यात सुटीवर जाणार नाहीत, एवढे तपासावे. फॅन्टसीचे बाद फेरीचे सामने बहुतेक लीगमध्ये नोव्हेंबरात येतात, म्हणून त्या आठवड्यांतले प्रतिस्पर्धी आधी पाहावेत आणि सप्टेंबरातले दुबळे प्रतिस्पर्धी नंतर.

ड्राफ्ट जितका उशिरा ठेवता येईल तितका बरा. सरावात कोण पहिल्या फळीत उभा राहतो, याच्या बातम्या ऑगस्टच्या शेवटच्या पंधरवड्यात येतात. प्रत्यक्ष निवडीत एकेका क्रमांकासाठी भांडण्यापेक्षा सारख्या अपेक्षेच्या खेळाडूंचे गट करून ठेवावेत. एखाद्या गटात एकच रनिंग बॅक उरला असेल आणि रिसीव्हर पाच शिल्लक असतील, तर रनिंग बॅक आधी घ्यावा. एका कॉन्फरन्सच्या लीगमध्ये भरवशाचे रनिंग बॅक फार लवकर संपतात.

भारतात बसून खेळणाऱ्यांसाठी वेळेचा हिशेब वेगळा आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारी दुपारी 12 वाजता सुरू होणारा सामना सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे रात्री 9.30 ला लागतो आणि तिथे रात्री सव्वादहाला सुरू होणारा रविवारी सकाळी पावणेआठला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे बदलली, की दोन्ही वेळा एक तासाने पुढे जातात. अ‍ॅरिझोना, युटा किंवा कोलोरॅडोचे खेळाडू संघात असतील, तर उशिराच्या सामन्यांपूर्वी बदल करण्याची मुभा लीगच्या नियमांत आहे का, हे ड्राफ्टच्या आधीच विचारून घ्यावे. नसेल, तर शंकास्पद खेळाडूचा निर्णय शनिवारी रात्री झोपण्यापूर्वीच करून टाकावा लागेल.