अक्षरं येतात पण शब्द वाचता येत नाही, त्या मुलाला वाचतं कसं करावं

दरवर्षी जूनच्या अखेरीस आमच्या विदर्भातल्या शाळा उघडतात आणि तिसरीच्या वर्गात चार-पाच पोट्टे असे सापडतातच, ज्यांना क पासून ज्ञ पर्यंत सगळं म्हणता येतं आणि 'कमळ' वाचता येत नाही.

मग सल्ले सुरू होतात. बाराखडी रोज दहा वेळा लिहून घ्या, ट्यूशन लावा, मोबाइलात अ‍ॅप टाका. सगळ्यात वाईट सल्ला मोठ्या माणसांकडून येतो: राहू द्या, पुढच्या वर्षी येईल आपोआप. नाही येत. मूल तसंच पाचवीत जातं आणि तिथे गणितातलं शाब्दिक उदाहरणसुद्धा त्याला कुणीतरी वाचून दाखवावं लागतं. २०२१ मध्ये 'निपुण भारत' हे केंद्र सरकारचं अभियान सुरू झालं तेव्हा वाचनासाठी तिसरीची अखेर ही हद्द धरली, ती याचसाठी.

मी हे काम नागपुरात शाळेत करते, आणि शाळा सुटल्यावर वस्तीतही. रोज अर्धा तास, एका वेळी चार-पाच मुलं. जूनअखेर सुरू केलं तर पोळ्याच्या आसपास मूल छोटी वाक्यं वाचायला लागतं. आठवड्यातून एकदा दोन तास बसवण्याचा काही उपयोग होत नाही, मी करून पाहिलंय.

आधी बघा, मूल नेमकं कुठे अडलंय

एकेका मुलाला बाजूला घेऊन पाच मिनिटं द्या. 'प्रथम' या संस्थेची 'असर' ही मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी २००५ पासून ज्या पद्धतीने होते तीच पुरे: सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. जिथे अडलं तिथून सुरुवात, इयत्ता कोणतीही असो.

चित्रांची कार्डं मात्र चाचणीला घेऊ नका. एकदा मी एका मुलीसमोर 'कोथिंबीर' लिहिलेलं कार्ड धरलं. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "सांबार!" नागपुरात कोथिंबिरीला सांबारच म्हणतात, तिचं काही चुकलं नव्हतं. पण त्याआधीची अकरा कार्डं मी 'वाचली' म्हणून लिहून ठेवली होती. ती पोरगी बाराच्या बारा चित्रं बघून बोलत होती, खालच्या अक्षरांकडे तिने पाहिलंही नव्हतं.

उलट, 'पाणी' लिहिलेलं 'पानी' वाचलं किंवा 'डोळा'चं 'डोया' केलं तर ती वाचनाची चूक धरू नका. ती घरची बोली आहे. मुलाने अक्षर ओळखलं, शब्द जोडला, अर्थ लावला, आणि आपल्या तोंडाने बोललं. तिथे "ण म्हण, ण!" करून त्याला अडवणाऱ्या बाईंनी किती मुलांचं तोंड कायमचं बंद केलंय ते मी पाहिलंय. काही वर्षं त्या बाई मीच होते.

डोळे आणि कान तपासून घ्या. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येईल तेव्हा, नाहीतर सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत, नागपुरात मेडिकल किंवा मेयोच्या. फळा न दिसणाऱ्या मुलाला 'मंद' ठरवल्याची उदाहरणं कमी नाहीत.

अक्षरांपासून शब्दाकडे

इथेच सगळं अडतं, आणि इथेच मी सुरुवातीची दोन वर्षं वाया घालवली. माझ्याकडे तिसरीतला एक मुलगा होता. फळ्यावर 'कमळ' लिहिलं की बोट ठेवून म्हणायचा, "क. म. ळ." मग जरा थांबून ठामपणे, "बदक!" मी पुन्हा क, म, ळ म्हणवून घ्यायचे. तो पुन्हा बरोबर म्हणायचा आणि पुन्हा बदकच निघायचं. मला वाटायचं, अक्षरं अजून पक्की नाहीत. म्हणून आणखी बाराखडी.

अक्षरं पक्कीच होती. गोची वेगळी होती. आपण 'कमळ' बोलतो तेव्हा शेवटच्या ळ मधला अ उच्चारतच नाही. मूल मात्र शिकवल्याप्रमाणे तीनही अक्षरं पूर्ण म्हणतं, कअ, मअ, ळअ, आणि मध्ये प्रत्येक वेळी थांबतं. असा आवाज त्याने जन्मात ऐकलेला नसतो, तर त्यातून कमळ कसं ओळखू येणार? मग ते बिचारं अंदाज मारतं.

म्हणून पहिले चार-पाच दिवस पाटीला हात लावू नका. नुसतं तोंडी खेळा. "मी शब्द तोडून बोलते, तुम्ही जोडा. आ… जी. गा… डी. बै… ल." मग तीन तुकड्यांचे, "ब… द… क." त्यानंतर उलटं, मुलांनी तोडायचं आणि तुम्ही जोडायचं. ज्या मुलाला हे तोंडी जमत नाही त्याला ते पाटीवर जमणं शक्य नाही. हे दिवस फुकट गेल्यासारखे वाटतात, मुख्याध्यापकही येऊन विचारतात की वही का कोरी. कोरी राहू द्या.

मग फक्त सहा अक्षरं आणि काना. माझी ठरलेली सहा: म, न, र, ल, स, क. पहिली पाच मुद्दाम घेतली आहेत, कारण त्यांचा आवाज लांबवता येतो. 'सऽऽऽ', 'मऽऽऽ' करत पुढच्या अक्षरावर घसरत जाता येतं. क, ट, प यांचा आवाज निघाला की तुटतो, म्हणून क शब्दाच्या शेवटी ठेवून सुरुवात करायची. बाराखडीचा क्रम क पासून आहे म्हणून शिकवायचंही क पासून, हा हट्ट सोडा. आणि घ-ध, म-भ, ब-व या जोड्या एका आठवड्यात कधीही आणू नका.

पाटीवर 'नाक' लिहा. मुलाने बोट अक्षराखाली टेकवत जायचं नाही, डावीकडून उजवीकडे घसरवत न्यायचं. बोट थांबलं की आवाज तुटतो. मी वर्षानुवर्षं एकेका अक्षरावर टिचक्या मारायला लावत होते, तीच मोठी चूक. "नाऽऽऽ" म्हणत बोट सरकवायचं, श्वास न तोडता "क" वर पोचायचं, आणि शेवटचं अक्षर गिळायचं. 'गिळायचं' हा शब्द मुलांना आवडतो. एकाने तर क म्हणताना खरोखर आवंढा गिळून दाखवला होता.

आता एक अक्षर पुसा, एकच, आणि दुसरं लिहा. नाकचं नाल. नालचं माल. मालचं मान, मग कान, काम, राम, रान. दर वेळी काय बदललं ते मुलाने सांगायचं, मगच वाचायचं. 'कान' आणि 'नाक' शेजारी शेजारी लिहून आपापल्या कानाला आणि नाकाला हात लावायला सांगा. ज्याचा हात बरोबर गेला तो वाचतोय. या सहा अक्षरांत आणि एका कान्यात 'मामा', 'मका', 'रस', 'कमाल', 'मसाला' सगळं बसतं. मूल 'मसाला' वाचतं त्या दिवशी त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, कारण तो शब्द त्याच्या घरी डब्यावर लिहिलेला असतो.

एक ताकीद. मूल अडलं की आपल्याला राहवत नाही आणि आपणच शब्द सांगून मोकळे होतो. मनात पाचपर्यंत मोजा. तरी नाही आलं तर शब्द सांगू नका, फक्त पहिला आवाज लांबवून द्या. शेजारचं हुशार पोर ओरडून उत्तर देतं, त्याला पाटी पुसायचं काम द्या.

आणि जे वाचलं ते लगेच लिहायचं, मोठ्याने बोलत. बघून उतरवणं नको. मी "रान" म्हणायचं, मुलाने ऐकून लिहायचं. दहा वेळा उतरवलेल्या ओळीपेक्षा असे तीन शब्द जास्त काम करतात.

बाकीच्या मात्रा

काना झाला की दुसरी वेलांटी घ्या, पहिली नाही. 'आणि'सारखे मोजके अपवाद सोडले तर मराठीत शब्दाच्या शेवटी इकार दीर्घच लिहितात, त्यामुळे 'आजी', 'गाडी', 'पाणी' असे ओळखीचे शब्द ढिगाने मिळतात. शिवाय ती अक्षरानंतर येते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि नंतर बोलतात, म्हणून मूल 'किती'ला 'इकती' वाचतं. ती सगळ्यात शेवटी घ्या, आणि घ्याल तेव्हा बोट आधी अक्षराखाली ठेवायला लावा. मधल्या काळात मात्रा, दोन्ही उकार, अनुस्वार. आठवड्याला एक चिन्ह आणि तीन-चार नवी अक्षरं. वाचताना ह्रस्व-दीर्घावरून टोकू नका.

जोडाक्षरं आत्ता नाहीत.

वाक्यं

तीन-तीन शब्दांची, मुलांनीच सांगितलेली, तुम्ही लिहिलेली. "मामा बैल आणतो." तान्ह्या पोळ्याच्या आठवड्यात तर विषय शोधावाच लागत नाही, प्रत्येकाकडे लाकडी बैल असतो आणि दुसऱ्याच्या बैलाबद्दल तक्रार असते. तीच वाक्यं रोज पुन्हा वाचायची, अडखळणं जाईपर्यंत.

दर शुक्रवारी न पाहिलेले दहा शब्द. सहा आठवडे नियमित बसूनही तोंडी जोडणंच जमत नसेल, किंवा काल वाचलेला शब्द रोज नव्याने अनोळखी वाटत असेल, तर पालकांशी बोलून मुलाची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, सवलती मागता येतात. पण दुसऱ्याच आठवड्यात 'डिस्लेक्सिया' म्हणून हात झटकू नका. माझ्याकडे असा शिक्का घेऊन आलेल्या मुलांतल्या अर्ध्यांना फक्त कुणी शब्द जोडायला शिकवलेलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत वह्या भरायला देऊ नका. रोज रस्त्यावरच्या दोन पाट्या वाचून यायचं, एवढंच सांगा. बर्डीला जाताना, इतवारीत, 'आपली बस' या शहर बसवर, कुठेही. आधी एक गोष्ट मात्र दाखवून ठेवा: आपल्या बालभारतीच्या पुस्तकातला ल आणि श, आणि दुकानाच्या पाटीवरचा किंवा मोबाइलातला हिंदी वळणाचा ल आणि श, दोन्ही शेजारी शेजारी लिहून. नाहीतर मूल 'लस्सी'च्या पाटीसमोर उभं राहून म्हणेल, हे अक्षर बाईंनी शिकवलंच नाही. आणि 'स्स' वर अडून आलं, तर दिवाळीनंतर जोडाक्षरं तिथूनच सुरू करा.