दाढीला रोज एकसारखा फेस हवा असेल तर पाण्याचं माप धरा

"काल फेस झकास झाला होता, आज साबण नुसता पाणी सोडतोय" ही तक्रार घेऊन लोक आमच्या दुकानात येतात आणि नवीन ब्रश कुठला घेऊ म्हणून विचारतात. सांगलीत मारुती चौकाच्या बाजूला माझं सलून आहे. वडिलांच्या हाताखाली शिकलो, आता पोरांना शिकवतो. माझं म्हणणं असं की ब्रश घ्यायची घाई करू नका. साबण रोज तोच असतो, ब्रश तोच, हातही तोच. रोज बदलतं ते पाणी. कुठलं पाणी घेतलं आणि किती घेतलं, हे दोन्ही पक्कं केलंत की फेस रोज तसाच येईल.

आधी कुठलं ते बघू. आमचे एक जुने गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षक, गावभागातून विश्रामबागेत फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि पंधरवड्यात साबणाची वडी हातात घेऊनच दुकानात आले. म्हणाले, "वडी बाद निघाली, फेसच धरत नाही." त्याच वडीचा आमच्या नळाच्या पाण्यात मी त्यांच्यासमोर भरपूर फेस काढून दाखवला. नव्या इमारतीत त्यांना बोअरचं पाणी येत होतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला, तेव्हा नळ बंद पडले आणि टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले. त्या पाण्यानं आम्हालाही हाच त्रास दिला होता. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. साबण त्यांच्याशी बांधला जातो आणि त्याचा चिकट पांढरा साका होतो. फेसाला साबण उरतच नाही. तुम्ही ब्रश कितीही फिरवा.

आपलं पाणी कसं आहे ते घरी पाहता येतं. स्वच्छ बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, त्यात साबणाचा थोडा कीस टाका आणि जोरात हलवा. वर फेस आणि खाली बऱ्यापैकी नितळ पाणी दिसलं तर चिंता नाही. फेस जेमतेम, पाणी दुधाळ आणि वर साय तरंगतेय असं दिसलं तर पाणी जड आहे. उकळून गार केल्यावर काही जडपणा जातो, सगळा जात नाही. त्यापेक्षा दाढीपुरतं एक वाटी आरओचं पाणी बाजूला काढा. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी धरलंत तर त्याच्याइतकं चांगलं पाणी नाही, फक्त पत्रा धुऊन निघाल्यानंतरचं धरा. तोंड नळाच्या पाण्यानं धुतलं तरी चालतं. ब्रश भिजवायला आणि फेस काढायला मात्र हेच पाणी वापरा.

साबणाबद्दल थोडक्यात. अंगाच्या साबणानं दाढी करू नका. त्याचा फेस पटकन येतो आणि गालावर टिकत नाही. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल जास्त असतं आणि पोटॅशचा भाग असतो, त्यामुळे फेस दाट येतो आणि वस्तरा फिरेपर्यंत टिकतो. खोक्यावर पोटॅशियम स्टिअरेट किंवा स्टिअरिक ॲसिड सुरुवातीलाच लिहिलेलं असेल तर साबण घ्यायला हरकत नाही.

ब्रश डुकराच्या केसांचा असेल तर कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवा, तोवर दात घासून घ्या. हा केस पाणी पितो. कोरडाच वापरलात तर फेसातलं पाणी ओढून घेतो आणि चांगला जमलेला फेस गालावर सुकतो. नवीन असताना तो राठ असतो आणि वासही मारतो. वापरता वापरता टोकं फुटून मऊ होतात, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत त्याला नावं ठेवू नका. नायलॉनच्या ब्रशला भिजवायची गरज नाही, पाण्यात बुडवून काढला की झालं. कढत पाणी कुठल्याच ब्रशला देऊ नका, केसांच्या मुळाशी असलेला डिंक सुटतो.

आता मापाकडे या. ब्रश पाण्यातून काढला की झटका. किती झटके द्यायचे ते एकदा ठरवा आणि रोज तेवढेच द्या. मी पोरांना दोन सांगतो. ब्रश ओला राहिला पाहिजे, गळता कामा नये. मग साबणावर हलक्या हातानं अर्धा मिनिट गोल फिरवा. सुरुवातीला मोठे बुडबुडे येतील, त्यांना फेस समजू नका. थोड्या वेळानं ब्रशच्या टोकांवर चिकट लगदा बसतो आणि ब्रश साबणावर जरा अडखळायला लागतो. तिथं थांबा. घाईत लोक इथंच कमी पडतात. साबण कमी उचलला की पुढं काहीही केलं तरी फेस पातळच राहणार.

हा ब्रश रिकाम्या वाटीत घ्या आणि फिरवत राहा. पाणी ओतायचं नाही, चहाच्या चमच्यानं अर्धा-अर्धा चमचा घालायचं. पहिल्या अर्ध्या चमच्यानं लगदा सैल होतो, पण दिसायला निस्तेज आणि खरखरीत असतो. पुढचा अर्धा घातला की आवाज बदलतो, वाटीत घासल्यासारखं होत होतं ते बंद होतं. बुडबुडे बारीक होत जातात. असं करत एका माणसाच्या दोन हातांच्या दाढीला, म्हणजे वस्तरा एकदा सुलटा आणि एकदा उलटा फिरवायला, दोन ते तीन चमचे पाणी लागतं. तुमच्या साबणाला किती लागतं ते आठवडाभर मोजून लिहून ठेवा. मग चमचा लागणार नाही, हाताला कळतं. फेस ताज्या चक्क्यासारखा दाट, वरून चकाकणारा आणि एकही बुडबुडा न दिसणारा झाला की तयार. खात्री करायची तर थोडा फेस दोन बोटांत घेऊन चोळा. बोटं सुळकन सरकली पाहिजेत. नुसता दाटपणा बघून फसू नका. दाट पण कोरडा फेस दिसायला देखणा असतो आणि त्यातूनच वस्तरा ओढतो.

फेस कोरडा निघाला तर दोन-चार थेंब घालून परत फिरवा. पातळ झाला तर नुसता घोटत बसू नका, त्यानं तो घट्ट होत नाही. ब्रश परत साबणावर फिरवून आणा.

तोंड धुतल्यावर पुसायचं नाही. ओल्या गालावर ब्रश गोल फिरवा म्हणजे झोपलेले केस उभे राहतात, मग सरळ हातानं फेस सारखा करा. केस पाणी पिऊन मऊ व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ द्याच, विशेषतः हनुवटीवर. सांगलीच्या उन्हाळ्यात पंख्याखाली फेस बघता बघता सुकतो, म्हणून दाढीपुरता पंखा बंद करा. तरी सुकलाच तर ब्रशचं टोक पाण्यात बुडवून वरून एकदा फिरवा, नवा फेस काढायची गरज नाही.

झाल्यावर ब्रश वाहत्या पाण्याखाली मुळापर्यंत धुवा, पिळू नका, मुठीत दाबून पाणी काढा. जड पाण्यामुळे केसांच्या मुळाशी पांढरा साका जमतो आणि ब्रश फेस धरेनासा होतो. महिन्यातून एकदा कपभर कोमट पाण्यात चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून ब्रश पाच मिनिटं बुडवा आणि स्वच्छ धुवा. जुलै-ऑगस्टात ब्रश बाथरूममध्ये ठेवू नका, बुरशी धरते. खिडकीत वाऱ्याला ठेवा, आणि जमलं तर दोन ब्रश आळीपाळीनं वापरा, म्हणजे प्रत्येकाला पुरतं वाळायला वेळ मिळतो.