खडकाचं नाव आलं, पुढे काय? इंजिनिअरिंग जिओलॉजी शिकताना या चुका टाळा

तोंडी परीक्षेत मी मुलांच्या हातात एक दगड देतो आणि विचारतो, "यावर पाया घेशील का?" उत्तर ठरलेलं असतं: "सर, बेसॉल्ट आहे. अग्निज खडक. मजबूत असतो." नाव बरोबर असतं, पण नाव मी विचारलेलंच नसतं. हातातल्या तुकड्यावरून हे सांगता येणार नाही, एवढंच उत्तर मला हवं असतं. जागेवरच्या खडकात भेगा किती आहेत, कुठे कलल्यात, त्यांत काय भरलंय, पाणी कुठून येतं, हे बघितल्याशिवाय पायाचं बोलायचं नाही. खडक बहुधा भेगेतच दगा देतो आणि मुलं मात्र खनिजांची यादी पाठ करत बसतात.

समोर दिसतो तोच डिप (थराचा आडव्या पातळीशी होणारा कोन) समजणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून दुसऱ्यानं केली की जास्त चिडतो. शिकत असताना रस्त्याच्या एका कटिंगचा छेद काढायचं काम माझ्याकडे आलं. समोरच्या भिंतीत वाळूखडक आणि शेलचे (चिखलाचा बनलेला पापुद्र्यांचा खडक) थर वहीच्या रेघांसारखे आडवे दिसत होते. मी ते तसेच काढले आणि शेजारी "उतार सुरक्षित" असंही ठोकून दिलं. बरोबरच्या सीनियर भूवैज्ञानिकांनी वही पाहिली, "चल जरा" म्हणाले आणि मला वळणापलीकडच्या बाजूला घेऊन गेले. तिथे तेच थर 35 अंशांनी थेट रस्त्याकडे कललेले होते. शेलमधून पाणी झिरपत होतं. बोट लावलं तर साबणासारखा बुळबुळीत चिखल हाताला आला. "आता सांग, याखाली गाडी उभी करशील?"

झालं होतं असं, की मी पाहिलेली भिंत नेमकी स्ट्राइकच्या, म्हणजे कललेल्या थरावरच्या आडव्या रेषेच्या, दिशेनं गेली होती. त्या दिशेनं कापलं की थर कितीही कललेला असो, आडवाच दिसतो. स्ट्राइकशी 30 अंशांचा कोन करणाऱ्या भिंतीत 45 अंशांचा डिप जेमतेम 27 दिसतो. दिसणारा डिप खऱ्यापेक्षा कधीच जास्त नसतो, म्हणजे ही चूक नेहमी आपल्याला बेसावध करणाऱ्या बाजूलाच होते. माझी सवय सांगतो. एकमेकींशी कोन करणाऱ्या दोन भिंती पाहिल्याशिवाय मी वहीत आकडा लिहीत नाही. एकच भिंत असेल तर थराचा उघडा पृष्ठभाग शोधायचा आणि त्यावर बाटलीतलं थोडं पाणी ओतायचं. पाणी ज्या बाजूला पळतं ती खऱ्या डिपची दिशा.

फोनमधल्या कंपास ॲपवर माझा राग नाही. ॲप उघडलं, आकडा घेतला, निघाले, यावर आहे. दुसऱ्या हातात लोखंडी हातोडा धरून घेतलेलं रीडिंग किती हलतं, ते एकदा करून बघा.

पेटीतला कोअर (ड्रिलनं काढलेला खडकाचा दंडगोल) जसाच्या तसा मोजणं

आरक्यूडी (रॉक क्वालिटी डेझिग्नेशन) हा खडक किती अखंड आहे ते सांगणारा आकडा: 10 सेंटिमीटर आणि त्याहून लांब तुकड्यांची बेरीज भागिले रनची, म्हणजे एका खेपेत ड्रिल केलेली, लांबी, टक्क्यांत. सूत्र सोपं असल्यामुळेच घोटाळा होतो. एकदा एका मुलानं 150 सेंटिमीटरच्या रनचा आरक्यूडी 47 काढून आणला. तुकडे होते 26, 7, 9, 16, 8, 9, 28, 9 आणि 8. लांब तुकड्यांची बेरीज 70, गणित बिनचूक. मी त्याला पेटीशेजारी उकिडवं बसवलं आणि छोटे तुकडे एकमेकांना जुळवून बघायला सांगितलं. 8 आणि 9 चा तुकडा बशीला बशी बसावी तसा बसला, तोंडं ताजी आणि खडबडीत. 9 आणि 8 चंही तेच. हे तुकडे ड्रिलिंगमध्ये किंवा पेटीत बसवताना मोडलेले होते. 7 आणि 9 मधल्या भेगेवर मात्र गंजाचा तांबूस डाग आणि मातीचा पातळ लेप होता. ती खरी भेग, तिला हात लावायचा नाही. बेरीज झाली 104, आरक्यूडी 69. "खराब" म्हणून निघालेला खडक "मध्यम"मध्ये गेला.

उलटंही घडतं. आकडा चांगला यावा म्हणून खरी भेगही "ड्रिलिंगची" म्हणून जुळवून टाकणारे महाभाग आहेत. म्हणून मी कोअर बॅरलमधून (ड्रिलच्या नळीतून) बाहेर येतो तेव्हाच तिथे उभा असतो आणि ताज्या मोडीवर तिथल्या तिथे खडूनं खूण करतो. ऊन असतं, कंटाळा येतो. फोटोवरून लॉग (कोअरची नोंद) करू म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांचा लॉग वापरत नाही.

कोरड्या खडकावर विश्वास

कॅलिफोर्नियातलं सेंट फ्रान्सिस धरण 1926 मध्ये पूर्ण झालं आणि 12 मार्च 1928 च्या मध्यरात्रीच्या सुमारास फुटलं. शेकडो माणसं गेली. त्याच्या एका बाजूचा काँग्लोमरेट (गोटे चिकटून बनलेला खडक) कोरडा असताना घट्ट वाटायचा, पाण्यात टाकला की विरघळल्यासारखा सुटायचा. इटलीतल्या वायोंत धरणाची भिंत तर 1963 मध्ये उभीच राहिली, पण जलाशयात सुमारे 27 कोटी घनमीटर डोंगर घसरला. तो घसरला ते चुनखडकातले मातीचे थर जेमतेम काही सेंटिमीटर जाडीचे होते. संशयास्पद तुकडा मी रात्रभर ग्लासभर पाण्यात ठेवतो. प्रयोगशाळेची चाचणी नंतर होतेच, पण सकाळी ग्लासाच्या तळाशी गाळ दिसला की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात.

बाकीच्या, थोडक्यात

झिजलेल्या पृष्ठभागावरून खडक ओळखू नका, आधी ताजी कपची काढा.

"डिप 40" एवढंच लिहिणं म्हणजे अर्धा पत्ता. दिशा तीन आकड्यांत, कोन दोन आकड्यांत: 125/40.

ड्रिलला टणक लागलं म्हणजे तळखडक आला, असं नाही. मोठा गोटाही असू शकतो. निदान 3 मीटर सलग खडक मिळेपर्यंत थांबू नका, मोठ्या गोट्यांचा भाग असेल तर त्याहून खोल जा.

कॅल्साइट की क्वार्ट्झ, यावर वाद घालत बसू नका. चाकूनं ओरखडा: कॅल्साइटवर ओरखडा उठतो, क्वार्ट्झवर नाही.

कोअर पेटीचे फोटो दोन काढा, एक कोरड्या कोअरचा, एक ओल्याचा. बारीक भेगा ओल्यातच दिसतात. आणि खोलीची पट्टी फोटोत येऊ द्या. ती नसलेल्या पेट्यांचे फोटो माझ्याकडे आजही पडून आहेत, कुठल्या खोलीचे ते कुणालाच सांगता येत नाही.