झोपेत चालणाऱ्या माणसाला कसे सांभाळावे

मध्यरात्री मूल उठून बसले आणि डोळे उघडे असूनही कुणाला न ओळखता दाराची कडी चाचपू लागले, तर त्याला गदागदा हलवून जागे करू नये. जागे केल्यास जीवाला धोका असतो, ही समजूत निराधार आहे. मात्र गाढ झोपेतून एकदम उठवलेला माणूस गोंधळतो आणि घाबरून क्वचित समोरच्याला ढकलूनही देतो. त्यापेक्षा कोपराला हलका आधार देऊन, ‘चल, झोपायला जाऊ’ एवढेच हळू आवाजात म्हणत त्याला अंथरुणाकडे वळवावे. प्रश्न विचारून उपयोग नसतो, आणि सकाळी त्यावरून थट्टा तर मुळीच करू नये, कारण त्याला बहुधा त्यातले काहीच आठवत नसते.

हा प्रकार स्वप्न पाहताना नव्हे, तर गाढ झोपेतून अर्धवट जाग आल्याने घडतो. अशी झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असल्यामुळे तो बहुतेक वेळा झोप लागल्यानंतर 1 ते 3 तासांत होतो. मूल रोज साधारण एकाच वेळी उठत असेल, तर काही रात्रींच्या वेळा लिहून ठेवाव्यात आणि त्या वेळेच्या 15 ते 30 मिनिटे आधी त्याला हळुवारपणे जागे करून थोड्या वेळाने पुन्हा झोपू द्यावे. हा क्रम 2 ते 4 आठवडे नेटाने पाळल्यास अनेक मुलांचे चालणे थांबते. उपाय कंटाळवाणा आहे, पण त्याला औषध लागत नाही.

खरा धोका पडण्याचा आणि घराबाहेर जाण्याचा असतो. म्हणून खिडक्या बंद ठेवाव्यात, जिन्याला फाटक आणि दाराला घंटी लावावी, वाटेतले सामान उचलावे, दुमजली पलंगावर वर झोपवू नये आणि मोठ्या माणसांच्या बाबतीत गाडीच्या किल्ल्याही दडवून ठेवाव्यात.

अपुरी झोप, ताप, ताणतणाव आणि मद्य यांमुळे हे प्रकार वाढतात. झोल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळ्यांनीही ते होऊ शकतात, म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियामकाने 2019 मध्ये त्यांच्यावर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले.

मुलांमधले चालणे बहुधा किशोरवयापर्यंत आपोआप थांबते. ते मोठेपणी प्रथमच सुरू झाले, इजा होऊ लागली, झटके आल्यासारखे हातपाय हलू लागले किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर डॉक्टरांकडे जावे आणि जाताना मोबाइलवर काढलेला एखादा व्हिडिओ सोबत न्यावा.