पठारावरून खाली उतरण्याआधी शिदोरी बांधा

भाच्याने सुट्टीत ब्रेथ ऑफ द वाइल्ड हा झेल्डा मालिकेतला गेम सुरू केलाय. परवा रात्री त्याचा फोन, "मावशी, पॅराग्लायडर मिळाला, आता उतरू ना खाली?" मी विचारलं काही शिजवलंयस का, तर म्हणे शिजवायचं कशाला, बॅगेत चाळीस सफरचंदं आहेत. अगदी हेच मी केलं होतं आणि त्यापायी झोरा लोकांच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन अख्ख्या संध्याकाळी घालवल्या, म्हणून आता सगळं नीट लिहून काढतेय, त्याच्यासाठी आणि नव्याने खेळायला घेणाऱ्या सगळ्यांसाठी. गेम 2017 च्या मार्चमधला आहे पण त्यातलं काही जुनं झालेलं नाही, त्यामुळे उशीर झाला असं वाटून घेऊ नका.

गेम ज्या उंच पठारावर सुरू होतो तिथल्या चार श्राइनबद्दल, म्हणजे कोडी असलेल्या छोट्या देवळांबद्दल, फार सांगत नाही, त्या केल्याशिवाय तिथे भेटणारा म्हातारा तरंगत खाली उतरायचा पॅराग्लायडर देतच नाही. फक्त प्रत्येक शक्ती मिळाली की पाच मिनिटं तिथेच खेळून बघा. गोल बॉम्ब घरंगळतो, चौकोनी ठेवलेल्या जागी राहतो, हे उतारावर उभं राहून एकदा बघितलं की कायमचं लक्षात राहतं. बॉम्ब संपत नाहीत, त्यामुळे वापरताना जीव राखू नका, पाण्यात टाकला की मासे आपोआप वर येतात आणि ते मासे पुढे लागणार आहेत. प्रत्येक श्राइनमागे एक असे चार ऑर्ब जमले की देवीच्या पुतळ्यासमोर हार्ट (जीव) घ्यायचं की स्टॅमिना (दम) असा प्रश्न येतो, मी सांगेन स्टॅमिना घ्या, चढणं, पोहणं, धावणं, तरंगणं सगळं त्या एका हिरव्या चाकावर चालतं.

आता थंडीचं. चौथी श्राइन माउंट हायलियावर बर्फात आहे आणि वर गेलं की हार्ट एकेक करून उतरायला लागतात. पठारावर लाल मिरच्या मिळतात, त्या बघून वाटतं की वर गेल्यावर थंडी वाजली की खाऊ. तर कच्ची मिरची खाऊन थंडीवर काहीही फरक पडत नाही, ती शिजवावीच लागते. पाच मिरच्या एकत्र पातेल्यात टाकल्या की 12 मिनिटांच्या वर ऊब टिकते, तेवढ्यात जाऊन येऊन होतं. दुसरा मार्ग म्हणजे म्हाताऱ्याच्या झोपडीतली डायरी वाचा, त्याला एका पदार्थातलं तिसरं काय ते आठवत नसतं, मांस, हायरूल बास मासा आणि मिरची एकत्र शिजवून त्याला दाखवलं की तो गरम अंगरखा देऊन टाकतो. तोही नको असेल तर पेटती मशाल हातात धरून चढा, पण मग हात अडकतो आणि पाण्यात पडलात की ती विझते. गेम इथेच आपल्याला शिजवायला शिकवत होता, मी मशाल घेऊन पळत वर गेले आणि तो धडा तसाच राहिला.

पुढचं असं झालं. काकारिको गावात इम्पा नावाच्या म्हातारीला भेटून मी थेट झोरा डोमेनकडे, म्हणजे झोरांच्या गावाकडे निघाले. त्या बाजूला पाऊस थांबतच नाही, तो थांबवणं हेच तर तिथलं काम आहे. पुलावर झोरांचा राजकुमार सिडॉन भेटतो, विजेपासून वाचवणारं एक औषध देतो आणि सांगतो की रस्ता एकच आहे, चढून जाता येणार नाही, ओल्या कड्यावरून लिंक, म्हणजे आपला हिरो, सारखा घसरतो. मी ते औषध जपून ठेवलं, नंतर लागेल म्हणून. दुसऱ्याच वळणावर लिझाल्फोस नावाच्या सरड्यासारख्या राक्षसाने विजेचा बाण मारला, धक्का बसला की हातातली तलवार आणि शिल्ड दोन्ही गळून पडतात, माझी तलवार घरंगळत खाली नदीत गेली. अर्धं हार्ट उरलेलं. बॅग उघडली तर त्रेचाळीस सफरचंदं, सगळी कच्ची, एक खाल्लं की अर्धं हार्ट. आठ-दहा खाल्ली, बॅग बंद केली, पुढच्या बाणाला पुन्हा तेच. शेकोटी करावी म्हटलं तर पावसात जाळ टिकत नाही. मागे वेटलँड स्टेबलला, म्हणजे वाटेतल्या घोड्यांच्या तबेल्याला, पातेलं होतं, मी त्याच्या शेजारून चालत आले होते, थांबले नव्हते. तिथे दोन मिनिटं थांबले असते तर तीच सफरचंदं दुप्पट कामाची झाली असती, पाच सफरचंदं शिजवली की पाच हार्ट मिळतात, कच्ची खाल्ली की अडीच.

म्हणून शिजवा. निघण्याआधी शिजवा, प्रत्येक स्टेबलला पातेलं दिसलं की थांबून शिजवा, काकारिकोत शिजवा. पाचपर्यंत वस्तू हातात धरायच्या, पातेल्यात टाकायच्या, छोटीशी धून वाजते, झालं. नियम मोजकेच आहेत पण पाळा. एका पदार्थात एकच गुण ठेवायचा, थंडीवरची मिरची आणि ताकद वाढवणारी केळी एकत्र टाकली की दोन्ही गुण एकमेकांना मारतात आणि हातात साधं जेवण येतं. खातानाही तेच, अंगात ऊब असताना ताकदीचं काही खाल्लं की ऊब गेली, बर्फाच्या डोंगरावर हे करू नका. राक्षसांची शिंगं, दात, नखं कधीही जेवणात टाकायची नाहीत, सगळ्याचा चिखल होतो, ती बेडूक, सरडे, फुलपाखरं यांच्याबरोबर उकळायची म्हणजे औषध बनतं. ज्या वस्तूच्या नावात हार्टी आहे, मुळा असो, मशरूम असो, ती कच्ची अजिबात खाऊ नका आणि एकेकच शिजवा, एकटं शिजवलेलं हार्टी ड्युरियन सगळी हार्ट भरतं आणि वर 4 पिवळी जादा देतं. फारॉन टॉवरजवळच्या उंचवट्यावर या काटेरी फळांची झाडंच झाडं आहेत, तिकडे कधी पोचलात तर पिशवी भरून आणा, पुढचे कित्येक तास त्यावर निघतात. आणि आकाश लाल व्हायला लागलं, रक्तचंद्राची रात्र आहे असं दिसलं, तर साडेअकराच्या पुढे पातेल्यापाशी उभे राहा, त्या वेळेत केलेल्या प्रत्येक पदार्थाला काहीतरी जादा मिळतं. मेलेले राक्षस त्या रात्री परत येतात तेही लक्षात ठेवा, पण आधी शिजवून घ्या.

हत्यारं तुटतात. यावरून चिडून गेम सोडणारे मी बघितलेत, सोडू नका, इथे तलवार म्हणजे बाणासारखीच वापरून संपवायची वस्तू आहे असं धरून चाला. सुरुवातीला हत्यारांना 8, धनुष्यांना 5 आणि शिल्डना 4 जागा असतात. चांगलं हत्यार बोकोब्लिन या साध्या राक्षसांवर झिजवायचं नाही, त्यांच्यासाठी त्यांच्याचकडून घेतलेला सोटा. हत्यार मोडायला आलंय असा मेसेज आला की ते फेकून मारा, फेकल्यावर मोडलं तर दुप्पट घाव बसतो. काकारिकोच्या रस्त्यावर हेस्टू नावाचा गलेलठ्ठ झाडासारखा प्राणी उभा असतो, त्याची वाद्यं जवळच्या बोकोब्लिनांनी पळवलेली असतात, ती आणून द्या, मग भटकताना सापडणाऱ्या कोरोक बिया त्याला देऊन हत्यारांच्या जागा वाढवता येतात, पहिली जागा एका बीत मिळते. हे लवकर करा.

लढाईचं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लढाई सुरू होण्याआधी बघणं. उंचावर उभे राहा, कॅम्पमध्ये किती जण आहेत मोजा, स्फोट होणारं लाल पिंप दिसलं का बघा, दिसलं तर एक पेटता बाण पुरतो. रात्री बोकोब्लिन झोपतात, वाकून हळूहळू मागे गेलात तर झोपलेल्यावरचा एकच वार आठपट बसतो, मग तीन-चार जणांचा कॅम्प दहा वार न करता संपतो. समोरासमोर आलंच तर झेडएल बटण धरून राक्षसावर लॉक करा आणि हात आवरा, बटण बडवत बसायचं नाही. तो आडवा फिरवतोय तर मागे उडी, उभा मारतोय तर बाजूला उडी, अगदी वार येताना मारलीत तर वेळ मंदावतो आणि वाय बटणावर बोट ठेवून मोकळेपणाने चार-सहा घाव घालता येतात. हे एकट्या लाल बोकोब्लिनवर शिका, तो चुका माफ करतो. शिल्डने परतवणं याच्याही आधी शिका असं मी म्हणेन, कारण गार्डियन, म्हणजे किरण मारणारी जुनी यंत्रं. पठारावर पडक्या मठापाशी अर्धे जमिनीत रुतलेले गार्डियन आहेत, ते हलत नाहीत, तिथे लाल किरण स्थिर झाला, आवाज वाढत गेला आणि डोळा चमकला की लॉक धरून ए बटण दाबा, किरण त्याच्यावरच उलटतो. साधं पातेल्याचं झाकण शिल्ड म्हणून धरलेलं असलं तरी उलटतो. चुकलात तर एका किरणात खेळ संपतो, म्हणून आधी सेव्ह करा. आणि आधी काहीतरी शिजवलेलं खा ज्याने पिवळी हार्ट वर येतील, त्यावर एखादा किरण तरी निभावतो. परत शिजवणंच आलं बघा.

उंचावरून उडी मारून हवेत धनुष्य ताणलंत तरी वेळ मंदावतो, पण स्टॅमिना झपाट्याने उतरतो, लक्ष चाकावर ठेवा.

भटकंतीत टॉवर पहिला. टॉवर चढल्याशिवाय मॅप कोरा राहतो आणि वर गेल्यावर दुर्बिणीतून केशरी चमकणाऱ्या श्राइन दिसतात त्या तिथूनच मार्क करून ठेवा. चढताना मध्येच दमलात तर घाबरून उडी मारू नका, लटकलेल्या अवस्थेतही बॅग उघडून स्टॅमिनाचं काही खाता येतं, अर्थात शिजवलेलं बरोबर असेल तर. पाऊस लागला की चढणं बंद, एखाद्या कड्याखाली आडोशाला जाळ करून सकाळपर्यंत बसा. वादळात अंगावर ठिणग्या दिसल्या तर त्या क्षणी धातूचं सगळं उतरवा, तलवार, शिल्ड, धनुष्य, सगळं, वीज खरोखर अंगावर पडते. म्हणून एक लाकडी सोटा, एक लाकडी शिल्ड, एक लाकडी धनुष्य कायम बरोबर असू द्या. पण हेच लाकूड आगीजवळ पेटतं, तेव्हा डेथ माउंटन या ज्वालामुखीकडे जाताना उलट विचार करा.

घोडा वाकून मागून पकडा, बसल्यावर एल बटण दाबत राहा, स्टेबलला 20 रुपीमध्ये (रुपी म्हणजे गेममधले पैसे) नोंदणी होते. काकारिकोच्या वर मोठ्या परीचा झरा आहे, 100 रुपी दिले की ती कपडे मजबूत करून देते, आणि तिथे छोट्या परी उडत असतात त्या वाकून पकडा, हार्ट संपले की बॅगेतली परी आपोआप उठवते. दोन-तीन बरोबर ठेवाच.

झोराकडे निघताना मग इतकंच. वेटलँड स्टेबलला थांबा. बॅगेतलं जेवणाचं पान उघडा, दहा पदार्थ नसतील तर तिथून हलू नका, सफरचंद, मशरूम, मासे, मांस जे असेल ते टाका पातेल्यात. लाकडी हत्यारं चढवा. सिडॉनचं औषध साठवू नका, विजेचे बाण दिसायला लागले की प्या. बॉम्बचे बाण पावसात फुटत नाहीत, ते बाहेर काढू नका. गावात पोचलात की श्राइन आधी उघडा. मग डोंगरावर 20 विजेचे बाण गोळा करायला पाठवतात, तिथे लायनेल नावाचा भयंकर ताकदवान राक्षस फिरत असतो, सुरुवातीला त्याच्याशी लढायचं नाही, वाकून, गवतातून, झाडांच्या आडून, खोडात अडकलेले आणि जमिनीवर पडलेले बाण उचलायचे आणि 20 झाले की कड्यावरून उडी मारून पॅराग्लायडर उघडायचा, खाली तलावाकाठी सिडॉन उभाच असतो, थेट त्याच्यापाशी उतरता येतं.