जुन्या जॅझ गाण्याची कुंडली कशी काढायची

जुन्या बाजारात नळाच्या तोट्या आणि मोटारीच्या पार्टांच्या ढिगात कधीकधी लाखेच्या ७८ आरपीएम तबकड्या निघतात, आणि त्यात एखाद्या लेबलवर फॉक्सट्रॉट (नाचाचा प्रकार) नाहीतर ब्लूज (गाण्याचा प्रकार) असं लिहिलेलं दिसलं तर सोडू नका. फक्त एक लक्षात ठेवा, गाणं कोणी रचलं, रेकॉर्ड कधी झालं आणि हक्क कोणाचे या तीन वेगवेगळ्या भानगडी आहेत, एकदम शोधायला गेलात की डोक्याचं भजं होणार.

आधी ओलसर कापडाने पुसून घ्या. स्पिरिट अजिबात लावायचं नाही, लाख विरघळते. मग मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून लेबलभोवतीची गुळगुळीत पट्टी बघा, तिथे बारीक उमटलेला नंबर असतो, तो मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा स्वतःचा नंबर. लेबलवरचा कॅटलॉग नंबर कंपनीच्या विक्रीसाठी, म्हणजे तेच रेकॉर्डिंग अमेरिकेत एका नंबराने आणि आपल्याकडे दुसऱ्याच नंबराने विकलेलं असू शकतं, पण मॅट्रिक्स सहसा तोच राहतो. व्हिक्टर या अमेरिकन कंपनीच्या तबकडीवर अंडाकृतीत व्हीई, किंवा एचएमव्हीच्या नंबरापुढे छोटा त्रिकोण दिसला तर ती मायक्रोफोनवाली, म्हणजे १९२५ किंवा त्यानंतरची. त्याआधी सगळे भोंग्यासमोर उभं राहून गायचे.

हा नंबर सांता बार्बरा युनिव्हर्सिटीच्या डीएएचआर या फुकट डेटाबेसमध्ये टाका. तारीख, गाव, कोणता टेक (म्हणजे कितव्यांदा घेतलेलं रेकॉर्डिंग), बरेचदा वादकसुद्धा मिळतात. उदाहरणार्थ ब्लूज गायिका बेसी स्मिथचं 'सेंट लुईस ब्लूज', १४ जानेवारी १९२५, न्यूयॉर्क, कॉर्नेटवर (छोट्या ट्रम्पेटसारखं वाद्य) लुई आर्मस्ट्राँग आणि फ्रेड लाँगशॉ चक्क पेटीवर! ब्लूजला पेटी, नुसतं वाचून खरं वाटत नाही, ऐकाच.

रचनाकारासाठी लेबलवर गाण्याच्या नावाखालची कंसातली नावं बघा, पण त्यावर आंधळा विश्वास नको. नुसत्या गाण्याच्या नावाने शोधलं तर त्याच नावाची चार गाणी निघतात आणि श्रेयावरून तेव्हाही मारामाऱ्या व्हायच्या. १९१७ च्या 'लिव्हरी स्टेबल ब्लूज'वरून शिकागोत कोर्टकज्जा झाला, आणि जजनी दोन्ही बाजूंना हक्क नाकारला. अमेरिकेचे जुने कॉपीराइट कॅटलॉग इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेत, त्यात साल धरून शोधा, आणि छापील शीट म्युझिकचं (गाण्याच्या स्वरलिपीचं) मुखपृष्ठ मिळालं तर सोन्याहून पिवळं.

आता कॉपीराइट. अमेरिकेत त्या काळच्या रचनेला छापल्यापासून ९५ वर्षं, आणि १९२३ ते १९४६ मधल्या रेकॉर्डिंगला १०० वर्षं. आपल्याकडे रेकॉर्डिंगला प्रकाशनानंतर ६० वर्षं, पण रचनेला रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६०, आणि दोघांनी मिळून केली असेल तर जो शेवटी गेला त्याच्यापासून मोजायचं, इथेच लोक फसतात. 'सेंट लुईस ब्लूज' ही रचना डब्ल्यू. सी. हँडीची, १९१४ ची, म्हणून अमेरिकेत ती कधीच मोकळी झाली (म्हणजे कॉपीराइट संपला), पण हँडी वारला १९५८ साली, त्यामुळे आपल्याकडच्या ६० वर्षांच्या हिशेबाने ती मोकळी होते २०१९ ला. बेसीचं रेकॉर्डिंग याच्या बरोब्बर उलटं, आपल्याकडे केव्हाच मोकळं आणि अमेरिकेत १ जानेवारी २०२६ पासून.

रील किंवा व्हिडिओला लावणार असाल तर शक्यतो स्वतःच्या तबकडीवरूनच आवाज घ्या, कारण नंतर कोणी केलेल्या नव्या अरेंजमेंटचे हक्क वेगळे असतात. तरीही साइटकडून ऑटोमॅटिक क्लेम (हक्काचा दावा) येऊ शकतो, तेव्हा लेबलचा फोटो आणि डीएएचआरच्या पानाचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा.